दिवसाला अकरा चमचे

आमच्या ह्यांच्या कंपनीने कागद पाठवला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत बसले होते. कपडे सैल-घट्ट करून देणं हा माझा धंदा. लोक जाड होतात, बारीक होतात, आणि दोन्ही वेळा माझ्याकडेच येतात.

"वाच," हे म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कागदात असं होतं की उंच क्रेनच्या केबिनमधली खुर्ची आणि पट्टा बदललाय, आणि नवीन खुर्चीवर एकशे पाच किलोच्या वरचा माणूस बसवता येणार नाही. सहा आठवड्यांनी तपासणी. जो ह्या वजनात बसणार नाही त्याला खाली गेटवर घेतलं जाईल. कंपनीच्या डॉक्टरने त्याच दिवशी ह्यांना काट्यावर उभं केलं होतं. एकशे नऊ.

"गेटवर काय वाईट आहे?" सासूबाईंनी विचारलं. "खाली असशील. सावलीत. मला काळजी नको."

काय वाईट आहे ते मला ठाऊक होतं. चाळीस मीटर उंचावर एक काचेची पेटी, त्यात हे आठ तास एकटे. शिडीने तिथपर्यंत चढून जाऊन कुणी विचारत नाही की गॅस संपलाय का, किल्ली कुठे ठेवलीस, माझं जरा ऐकून घे. खालच्या माणसाचा आवाज वायरलेसवर येतो आणि तोही "वर", "खाली", "थांब" एवढंच बोलतो. वीस वर्षं खाली राबल्यावर ह्यांना ती पेटी मिळाली होती. मला अशी पेटी कुणी दिली असती, तर मी तिच्यासाठी रॉकेलसुद्धा प्यायले असते.

रॉकेल नाही, खोबरेल आलं. दुसऱ्याच दिवशी ह्यांच्या मोठ्या बहिणीने, ताईंनी, पाच लिटरचा पत्र्याचा डबा आणून आमच्या ओट्यावर आदळला. ताई गल्लीच्या टोकाला राहतात आणि त्यांनी नुकताच दोन आठवड्यांचा आहाराचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, त्यांच्या बाथरूमच्या दारासमोर, म्हणजे कुणाचं चुकू नये.

"सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन. भूक मरते," ताई म्हणाल्या. "तीन महिन्यांचा डबा आहे."

"हे डोक्याला लावतात," हे म्हणाले.

"डोक्याला लावून तुझं काय भलं झालं? उघड तोंड."

पहिला चमचा आत गेला आणि ह्यांचा चेहरा असा झाला की सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. गिळलं कसंबसं, पण दुपारपर्यंत ढेकर आली की न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं, असं हे म्हणाले. पहिला आठवडा असाच गेला. जेवायला बसले की दोन घासांत उठायचे. आणि त्या आठवड्यात पँट खरंच सैल झाली.

पँटचं सांगायला हवं. आमच्याकडे वजनकाटा आहे, पण काचेचा, आणि हे एकदा अंघोळीवरून थेट त्याच्यावर आले तेव्हा तो तडकला. तेव्हापासून तो सगळ्यांना आठ किलो दाखवतो. मला आठ, ह्यांना आठ, सासूबाईंनाही आठ. बाहेर चारचौघांत काट्यावर उभं राहायला हे तयार नव्हते. तेव्हा ठरलं की ह्यांची निळी पँट हाच आमचा काटा. सैल झाली की वजन उतरलं. शिंपिणीच्या घरात दुसरं काय मापाला घेणार?

आठव्या दिवशी हे म्हणाले, "आता हे जरा खाण्यासारखं करा, नाहीतर मी गेटवर बसतो."

मग आमच्या घरात प्रयोगशाळा उघडली. मी लिंबू आणि मीठ घालून दिलं. हे म्हणाले, आता लोणच्याच्या बरणीत डोकं बुचकळल्यासारखं लागतं. सासूबाईंनी आलं किसून घातलं. त्याने घसा पोळला आणि तेल राहिलं ते राहिलंच. मुलीने कॉफीत घातलं. ती कॉलेजात आहे आणि तिला सगळं माहीत असतं. तेल वर तरंगलं, कॉफी खाली राहिली, आणि ह्यांच्या मिशांना दिवसभर चकाकी आली. साइटवर कुणीतरी विचारलं म्हणे, कुठलं लग्न आहे का.

शेवटी मुलीनेच कोको आणि मीठ घालून ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. छान चौकोनी वड्या निघाल्या. चव चॉकलेटसारखी, खोटं कशाला सांगू. हे दोन वड्या एकदम खाऊन खूश झाले आणि संध्याकाळच्या दोन शर्टाच्या खिशात घालून कामावर घेऊन गेले. खोबरेल गारव्यात मेणासारखं घट्ट होतं आणि जरा ऊब लागली की पाणी होतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. खिशाच्या आत माणूस असतो आणि माणूस गरम असतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वर केबिनमध्ये काचेतून ऊन. वड्या वितळल्या, खिशातून पोटावर, पोटावरून मांडीवर, आणि तिथून बुटात. पेडलवरून पाय सटकला. क्रेनला टांगलेल्या बारा खिडक्या हवेतच गोल फिरायला लागल्या आणि दहा मिनिटं फिरत राहिल्या. खालून मुकादम वायरलेसवर म्हणाला, "वर काय तळतोयस?"

त्या दिवशी हे घरी आले ते पुढून तपकिरी होते. शर्ट दाराबाहेरच काढला.

"संपलं," हे म्हणाले. "आजपासून ह्या घरात माझ्यासमोर खोबरेल हा शब्द काढायचा नाही. मी उपाशी राहीन, धावेन, दोरीच्या उड्या मारीन. तेल नाही."

आणि शब्द कुणीच काढला नाही. चार आठवडे आमच्या घरात जी शांतता होती ती लग्नानंतर पहिल्यांदाच होती. हे समोर येईल ते मुकाट जेवत. आवडीने जेवत. "आज सूप छान झालंय," असं म्हणाले तेव्हा मी पळी हातात धरून उभीच राहिले. माझ्या सुपाला आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं.

सुपाचं कारण मला ठाऊक होतं. वड्यांच्या प्रकरणानंतर ताई मला माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन भेटल्या होत्या. दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याच्या नकळत घाल. दाट सुपात दोन चमचे, वर मिरपूड. कळत नाही. पण घरात कुणाला बोलू नकोस, तुमच्याकडे एकाच्याही पोटात काही राहत नाही." मी नाही बोलले. आपल्या पोटात काहीतरी राहतं हे एकदा दाखवायचं होतं.

पण दहाएक दिवसांनी हे आरशासमोर पँटचं बटण लावताना थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती.

"घट्ट वाटतेय," हे म्हणाले. आवाज एवढासा.

"धुतलीय ना काल. आटते."

"मग ठीक आहे. नाहीतर कशाला करायचं हे सगळं." हे पलंगावर बसले. "सैल झाली की जरा हुरूप येतो गं."

त्या दुपारी मी ती पँट दुकानात नेली, कंबरपट्टी उसवली आणि अर्धा इंच सोडली. हुरूप यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी हे शीळ घालत गेले. पुढच्या आठवड्यात आणखी अर्धा इंच. मग शिलाईतलं कापड संपलं, तेव्हा मागे तसल्याच निळ्या कापडाचा तुकडा जोडला. इतकं सफाईदार काम मी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकालाही करून दिलेलं नाही. हे पँट पुढे ओढून सासूबाईंना दाखवायचे, आत मूठ मावते म्हणून. सासूबाई डोळे पुसायच्या.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी सूप ढवळत होते आणि डब्यात चमचा घातला तर खण्णकन वाजला. पत्र्याचा डबा, आत किती आहे ते दिसत नाही. तिरका केला. रिकामा.

"तीन महिन्यांचा डबा होता," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, ती चूक झाली.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मुलीने मोबाइलमधून मान वर केली. ताई त्याच वेळी आपली रिकामी बाटली घेऊन दारात उभ्या होत्या. गेला महिनाभर त्या दर दोन दिवसांनी बाटली भरून न्यायच्या, आणि मला वाटायचं डोक्याला लावतात.

"तू घालत होतीस?" सासूबाईंनी मला विचारलं.

"सुपात. दोन चमचे. तुम्ही?"

"सकाळच्या लापशीत दोन. बटाटा कुस्करते त्यात एक." त्या ताईंकडे वळल्या. "तूच म्हणालीस ना, कुणाला सांगू नकोस म्हणून?"

"मला पण आत्याच म्हणाली," मुलगी म्हणाली. "मी कॉफीत घालते, दोन. आता मिक्सरमधून काढते, तरंगत नाही."

आम्ही तिघी ताईंकडे बघत राहिलो. ताईंनी बाटली पदराआड नेली.

"तुमच्यापैकी एकीवर विसंबून कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "म्हणून प्रत्येकीला सांगितलं. एक जण तरी करेल."

"आणि ही बाटली?"

"त्याच्यासाठी सॅलडवरचं पाणी पाठवते ना मी रोज, लिंबू-पुदिन्याचं. त्यात दोन. तुम्ही केलंच नाही तर, म्हणून."

मुलीने बोटांवर मोजलं. "नऊ चमचे," ती म्हणाली. "रोज."

"अकरा," मागून आवाज आला. हे दारात उभे होते, बूट हातात. "मी वर दोन घेतो. छोटी बाटली आहे केबिनमध्ये. जरा मीठ टाकतो आणि नाक दाबतो. वर तोंड वाकडं केलं तरी कुणी बघत नाही."

"तू तर म्हणालास संपलं म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला म्हणालो. मला वर राहायचंय, आई."

सूप उकळून ओट्यावर सांडलं आणि त्याचा वास खरंच फार छान होता.

मग ह्यांचा चेहरा जरा उजळला. "पण पँट तर सैल आहे," हे म्हणाले, आणि कंबरेत मूठ घालून दाखवली.

मी ह्यांना पाठमोरं केलं. शर्ट वर केला आणि मागचा जोड दाखवला. म्हणजे मुलीला दाखवला, ह्यांना कसा दिसणार. मुलीने नुसतं "आई" म्हटलं. ह्यांनी हात मागे नेऊन बोटांनी तो तुकडा चाचपला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन इंच.

"चांगला जोडलायस," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काट्यावर एकशे तेरा भरले. डॉक्टरने विचारलं, काही पथ्य केलं का. हे म्हणाले, घरच्या सगळ्यांनी केलं. महिनाभर गेट, मग पुन्हा वजन.

गेटवर एक खोपटं आहे, खिडकी आणि फोन. फोन दर पाच मिनिटांनी वाजतो. ट्रकवाले खिडकीवर टकटक करतात, पत्ता विचारणारे करतात, पत्ता न विचारणारेही करतात. मी दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा एक माणूस ह्यांना आपल्या मेव्हण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होता आणि हे वहीवर पेन धरून मान हलवत होते. निळी पँट मी ह्यांच्या सांगण्यावरून पुन्हा मूळ मापाची करून दिली आहे. बटण लागत नाही. प्रत्येक गाडीला उठताना हे एका हाताने कंबर धरतात आणि दुसऱ्याने दांडा वर करतात.

"ताई येऊन गेली," हे म्हणाले.

"कशाला?"

"नवीन बाटली घेऊन. कसलं तरी व्हिनेगर. मी विचारलं, पास आहे का. म्हणाली, मी तुझी बहीण. मी म्हटलं, नाव लिहा, काम लिहा, हेल्मेट घाला, बूट घाला. चपलेवर आत सोडत नाहीत. बराच वेळ भांडली. मग गेली." ह्यांनी वही बाजूला सारली. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा."

मी डबा उघडला. उकडलेल्या भाज्या, अंडं, सूप. ह्यांनी सूप चमच्यात घेतलं, उजेडाकडे धरलं, बारीक डोळे करून त्यावर तवंग आहे का ते बघितलं.

"ह्यात काय आहे?"

"भोपळा आणि पाणी."

"शपथ?"

"शपथ. आईंना आणि मुलीलाही ओट्यापासून लांब ठेवलं होतं."

एक घोट घेतला. माझं सूप जसं लागायचं तसंच लागलं असणार, ते ह्यांच्या तोंडावरून कळलं. तरी हे चमच्यामागून चमचा घेत राहिले. मध्येच मान वर करून क्रेनकडे बघितलं. वर केबिनमध्ये कुणी नवीन माणूस होता, काडीसारखा. खिडक्यांचा एक गठ्ठा हळू वर चालला होता, अजिबात न फिरता. ह्यांचा डावा हात टेबलावर आपोआप, क्रेनचा लिव्हर धरल्यासारखा, तसाच हळू मागे सरकत होता.

फोन वाजला. हे उठले, कंबर धरली.

"गेट," हे म्हणाले.

मी सुपावर झाकण ठेवलं, गार होऊ नये म्हणून.