कोरड्या नदीतला फळा

मी एक जुना गुंडाळी फळा आहे, मित्रांनो. भिंतीवरचे फळे जन्मभर एकाच भिंतीला पाठ टेकून राहतात. मी मात्र झाशीहून निघालो, समुद्रापार गेलो आणि एका कोरड्या नदीत वर्ग भरवून परत आलो.

माझा जन्म २००३ साली झाशीच्या खंडेराव गेटजवळ, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडे झाला. त्याने जाड कॅनव्हास कापला, त्यावर काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि वर-खाली एकेक लाकडी दांडा ठोकला. "बहनजी, कितना भी लपेटो, रंग नहीं उखड़ेगा," असे म्हणून त्याने मला सिंधूताईंच्या हाती दिले.

सिंधूताई झाशीत बत्तीस वर्षे मुलींना गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एक सेवाभावी संस्था टांझानियातल्या मकोंगोला नावाच्या खेड्यात दोन वर्षांसाठी शिक्षक पाठवत होती. पगार नव्हता, फक्त राहण्या-जेवणाची सोय होती. तिथल्या शाळेतला एकुलता एक फळा मधोमध फुटला आहे, असे संस्थेच्या पत्रात लिहिले होते. म्हणून ताईंनी मला करवून घेतले.

त्यांचे धाकटे भाऊ मधुसूदन यांना हे पटले नव्हते. "अक्का, शिकवायचंच असेल तर इथं जवळच मोठ गावी जा. बसनं संध्याकाळी घरी येशील," ते म्हणाले.

"मोठला गणिताचे मास्तर आहेत, मधू. तिथं कुणीच नाही," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी मला साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवले.

मकोंगोलात आमचा दिवस सूर्याबरोबर उगवायचा. ताई एका बादलीत अंघोळ आणि धुणे उरकत. न्याहारीला मक्याच्या पिठाची उगाली असायची. ताईंच्या मते ती मिठाशिवाय केलेल्या घट्ट उकडीसारखी लागे, पण महिन्याभरात त्या ती हाताने मस्त वळून खाऊ लागल्या. मग मला खांद्यावर टाकून त्या शाळेत जात. वर्गात जागा पुरत नसे, म्हणून सातवीचा वर्ग झाडाखाली भरायचा. वाऱ्याने मी फडफडू नये म्हणून मुले माझ्या खालच्या दांड्याला दगड बांधत. मधल्या सुट्टीत शेळ्या येऊन माझ्यावरचा खडू चाटत. ताईंची स्वाहिली सुरुवातीला इतकी कच्ची होती की मुलेच त्यांना दुरुस्त करत. पण ताईंनी एकदा गणित मांडले की सगळा वर्ग गप्प होई. तेव्हा मला माझ्या काळ्या रंगाचा फार अभिमान वाटे.

जुलैत नदी आटली. एका आठवड्यात सातवीच्या अकरा मुली यायच्या बंद झाल्या. मुख्याध्यापक चिदावाली भले गृहस्थ होते, पण नियमाचे पक्के. महिनाअखेर हजेरी पुरी नसेल, तर सप्टेंबरच्या परीक्षेला नाव जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. ती परीक्षा चुकली की पुढची शाळा कायमची बंद.

ताई मुलींना शोधत नदीवर गेल्या. पात्रात वाळू उकरून खड्डा केला होता. तळाला पाणी झिरपायचे आणि भोपळ्याच्या तुंब्याने एकेक बादली भरायची. पहाटे रांग लावली तर दुपारी पाळी यायची. म्वाजा नावाची हुशार मुलगी तिथेच आजीशेजारी बसली होती. म्वाजाला शाळेत पाठवा म्हणून ताईंनी आजीला विनवले. आजी शांतपणे म्हणाली, "परीक्षा दिली तर पाणी चालत घरी येईल का, म्वालिमू?"

म्वालिमू म्हणजे गुरुजी. ताई परत आल्या. पण दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी त्यांनी मला उचलले आणि थेट नदी गाठली. काठावरच्या झाडाच्या फांदीला मला टांगून रांगेकडे तोंड केले आणि गणित लिहिले: एक बादली भरायला नऊ मिनिटे लागतात, तुझ्यापुढे चाळीस बादल्या आहेत, तुझी पाळी केव्हा येईल?

मुली हसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. म्वाजा उत्तर लिहायला माझ्यापाशी आली, तेवढ्यात मागच्या बाईने आपली बादली पुढे सरकवली. भांडण जुंपले. हा फळा इथून न्या, असे बायका ओरडू लागल्या. धडा तिथेच संपला, असे मला वाटले.

तेव्हा म्वाजाची आजी उठली. तिने मुलींच्या अकराही बादल्या ओळीने लावल्या आणि त्यांच्याजवळ काठी टेकून बसली. "तुम्ही शिका," ती म्हणाली. "रांग मी बघते."

त्या दिवसापासून रोज नदीत वर्ग भरू लागला. चौथ्या दिवशी चिदावाली सर आले. त्यांनी काखेतले हजेरीपुस्तक उघडले आणि तिथेच अकरा नावे पुकारली. प्रत्येक "हजर" मला टाळीसारखा वाटला.

अकराही मुली परीक्षेला बसल्या. तिघी पुढच्या शाळेत गेल्या. म्वाजा त्यांत नव्हती. ती आठ दिवस घराबाहेर पडली नाही. नवव्या दिवशी ती आली आणि लहान मुलींना नदीवर मी शिकवू का, असे तिने ताईंना विचारले. पुढचे वर्षभर माझ्यावर दोघींचे अक्षर उमटले. तिने जुन्या गोणपाटाला कोळशाच्या भुकटीचा काळा लेप फासून स्वतःचा फळाही केला. तो माझा धाकटा भाऊ. निरोपाच्या दिवशी तिने माझ्यावर एक अवघड गणित बिनचूक सोडवून दाखवले. ते न पुसताच ताईंनी मला गुंडाळले.

झाशीत मात्र माझे दैव फिरले. ताई मला कपाटावर ठेवत. पाहुणे आले की जपून उलगडत, म्वाजाचे अक्षर दाखवत आणि परत गुंडाळत. मला कुणी बोटही लावू देत नसत. मित्रांनो, अशी वर्षांमागून वर्षे गेली. माझा रंग भेगाळला, कडा उंदरांनी कुरतडल्या. कौतुक होते, पण काम नव्हते.

मधुसूदनरावांची नात विद्या झाशीतच, प्रेम नगरमध्ये राहते. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना ती दुपारी शिकवते. एकदा ती म्हणाली, "आजी, इसको काच की फ्रेम में लगवा लेते हैं. अक्षर मिटून जाईल नाहीतर."

ताईंनी मला मांडीवर घेतले. म्वाजाच्या आकड्यांवरून त्या हलकेच बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "विद्या, एक ओला फडका आण."

त्यांनी स्वतःच्या हाताने मला पुसले, अगदी कोपऱ्यापर्यंत. डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. मग माझ्या भेगांवर काळ्या रंगाचा नवा हात देऊन त्यांनी मला विद्याच्या खांद्यावर ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरीही आवडीची वस्तू कपाटावर पडून असेल. तिच्यावरची धूळ झटका, फाटले तिथे टाका घाला आणि तिला वापरायला काढा. मला आता थांबायला हवे. विद्याने खडू उचलला आहे.