तिसऱ्या कडव्यात नानाजी पळतात

मी कंट्रोलर बोलतोय. डीजेचा. नवा नव्हे, जुना. ‘जुनं ते सोनं’ म्हणत कोणी गोंजारायला येऊ नका. मी प्लॅस्टिकचा आहे आणि मला ते पक्कं ठाऊक आहे.

माझ्या अंगावर दोन गोल चाकं आहेत, मधे आवाजाच्या पट्ट्या आणि दोन्ही कडांना एकेक लांब पट्टी. ही लांब पट्टी सरकवली की गाण्याची लय हळू किंवा जलद होते. मला लॅपटॉपला जोडायचं, एका चाकावर एक गाणं घ्यायचं, दुसऱ्यावर दुसरं, आणि दोघांचे ठोके एकावर एक बसवायचे. बसले की लोकांचे पाय उचलतात. नाही बसले की लोक नाचायचं थांबवून डीजेकडे वळून बघतात. एवढाच माझा धंदा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले ते सावंगी मेघेच्या एका होस्टेलच्या खोलीत. माझा पहिला मालक विवेक, होऊ घातलेला डॉक्टर. त्याची हाडांची जाडजूड पुस्तकं माझ्यावर आणि मी त्याच्या पलंगाखाली, असा आमचा संसार. गॅदरिंग आलं की तेवढी माझी आठवण व्हायची. एका परीक्षेच्या आधी त्याच्या हातून अख्खा कप चहा माझ्या डाव्या बाजूवर सांडला. चार होणाऱ्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि चौघांचं निदान वेगळं निघालं. बाकी सगळं वाचलं, फक्त सिंकचं बटन मेलं.

हे सिंक म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. ते बटन दाबलं की दोन गाण्यांची लय यंत्र आपणच जुळवतं. माणसानं हाताची घडी घालून उभं राहायचं आणि लोकांकडे बघून मान डोलवायची. माझं ते बटन गेलं म्हणजे मी अर्धा मेलो, असं विवेकचं मत पडलं. शिकणं संपल्यावर गॅदरिंगला स्पीकर घेऊन येणाऱ्या धम्मदीपच्या गाडीत त्यानं मला ठेवून दिलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

धम्मदीप जाम गावचा. हायवेवर टायरच्या दुकानामागे त्याची शेड आहे. पूर्वी तिथे कापूस साठवायचे. अजून कोपऱ्यात बोटं घातली तर सरकी सापडते. लग्न, वाढदिवस, जयंती, सगळीकडे मी त्याच्यासोबत गेलो. पण मला वाजवायला खरं शिकली ती त्याची धाकटी बहीण, जागृती.

समुद्रपूरच्या कॉलेजातून आली की दुपारी ती शेडमध्ये यायची. एका कानाला हेडफोन, दुसरा कान मोकळा, एक बोट चाकाच्या कडेवर. सिंक नव्हतंच, तेव्हा कानानं जुळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिले काही महिने तिनं जे काही केलं त्याला मी संगीत म्हणणार नाही. टायरवाल्यानं तर पंक्चरचं गिऱ्हाईक पळतं म्हणून तक्रार केली. पण पोरगी हटली नाही. वर्षभरानं तिला गाण्याची एक ओळ ऐकून कळायचं की हे किती पुढे आहे, ते किती मागे आहे, आणि बोट किती दाबायचं. तरी कार्यक्रमाला बसायचा धम्मदीपच. मुलगी डीजेवर बसली तर लोक बोलतील, असं तो म्हणायचा. लोक काय, लोक बँडवाल्याच्या टोपीवरसुद्धा बोलतात.

आता सीताबाई. ही या दोघांची आई. गावच्या विहारातल्या महिला मंडळाची गाणारी, आणि गाणीही स्वतःच रचणारी. त्यांच्या वस्तीत एक रीत आहे. नवरी मांडवात येते ती मंडळाच्या गाण्यावर, आणि तिसरं कडवं संपेपर्यंत ती खुर्चीवर बसत नाही. वीसेक वर्षं नवऱ्या सीताबाईच्या आवाजात मांडवात आल्या. मागच्या साली तिच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, तब्येत सुधारली, पण गळ्यात आवाजाच्या जागी नुसती कुजबुज उरली. तिचं गाणं आता फक्त एका रेकॉर्डिंगमध्ये आहे. विहारात जयंतीच्या दिवशी घेतलेलं, मागे बायकांच्या टाळ्या आणि मंडळाला नेहमी साथ देणाऱ्या नानाजींची ढोलकी.

शेजारच्या मोनालीचं लग्न ठरलं. तिनं सांगितलं, मांडवात येईन ती सीताबाईच्याच गाण्यावर, पण त्याच्याखाली डीजेची बीट पाहिजे, मला नाचत यायचं आहे. सीताबाई खूष झाली. जागृती म्हणाली, हे गाणं मी लावते. धम्मदीपनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात धम्मदीपचा भागीदार अंकुश नागपूरहून नवा कंट्रोलर घेऊन आला. आठ दिवस वापरून बघायचा, पटला तर ठेवायचा आणि मला एक्सचेंजमध्ये दुकानाला द्यायचं. दुकानवाला माझी चाकं काढून घेणार आणि बाकीचा सांगाडा भंगारात टाकणार, हे अंकुश माझ्यासमोरच बोलला. यंत्राला कान नसतात अशी माणसांची समजूत आहे. मी गेलो की जागृतीच्या दुपारीही गेल्या, कारण नव्याला या दोघांशिवाय कोणी हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं.

तेव्हा जागृती भावासमोर उभी राहिली. “दादा, दोन्ही मशीनी मायच्या गान्यावर लावून पाह्य. हे जुनं हरलं तर घेऊन जा, मी एक शब्द नाई बोलनार.”

रविवारी सकाळी शेडमध्ये स्पीकरच्या खोक्यावर आम्हा दोघांना शेजारी मांडलं. नवा काळा कुळकुळीत, अंगभर दिवे. सीताबाई खुर्चीवर, नानाजी दाराशी पान चघळत. अंकुशनं नव्याचे गुण मोजायला सुरुवात केली. चार गाणी एकदम घेता येतात, माझ्यावर दोनच. पडदा त्याच्याच अंगावर, माझ्यासाठी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसावं लागतं. माईक दोन, इफेक्ट चाळीस. मी म्हटलं, मोज बाबा. चाळीस इफेक्टांपैकी लग्नात दोनच लागतात, आणि त्यातला एक धम्मदीप चुकून लावतो.

मग आवाज. तीच ओळ, तेच स्पीकर, आवाजाची पट्टी तेवढीच. आधी मी वाजलो. माझ्या आवाजामागे एक बारीक ‘सूं’ असतो आणि डावी बाजू जरा दबते. मग नवा वाजला. खोटं कशाला बोलू? टाळ्यांमधली बांगड्यांची किणकिण ऐकू आली. ओळ सुरू होण्याआधी सीताबाईनं घेतलेला श्वास ऐकू आला. सीताबाईनं दोन्ही हात तोंडावर धरले. मला त्या क्षणी तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं, आणि तो दुष्ट नव्हता म्हणून त्याचा जास्तच राग आला.

उरलं ठोके जुळवायचं काम. अंकुशनं नव्यावर गाणं लावलं, दुसरीकडे बीट लावली, सिंक दाबलं आणि हाताची घडी घातली. पहिलं कडवं चोख गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या कडव्यात बाबासाहेबांचं नाव येतं. नाव आलं की मंडळाच्या बायका उठून उभ्या राहतात, टाळ्या वाढतात आणि नानाजींचा हात पळत सुटतो. जयंतीला हेच झालं होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये ते जसंच्या तसं आहे. नव्यानं सुरुवातीलाच लय मोजून ठेवली होती, ती तो सोडेना. ढोलकी पुढे, बीट मागे. टायरवाला दारात येऊन उभा राहिला.

नानाजी म्हणाले, “मी नाई पळत. बायाच मांगं राह्यतेत.”

अंकुश हरणारा नव्हता. कॉम्प्युटरवर गाणं सरळ करून घेऊ, सगळ्या कडव्यांची लय एक करून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणत त्यानं ते केलंही. लावलं. ढोलकी शहाणी झाली होती. पण तिसऱ्या कडव्यात सीताबाईचा आवाज ताणला गेला होता, नाव घेताना ती रडतेय की काय असं वाटावं असा. सीताबाईनं मान हलवली. नाही.

मग माझी पाळी. जागृतीनं हेडफोन एका कानावर चढवला. दोन कडवी तिनं सहज नेली. तिसरं आलं, नानाजी पळाले, आणि तिचं बोट अडखळलं. एक ठोका हुकला, दुसरा हुकला. मी मनात म्हणत होतो, पोरी, आता नाही तर कधीच नाही. तेवढ्यात सीताबाई खुर्ची ओढत जवळ आली आणि स्वतःच्या मांडीवर थाप देऊ लागली. वीस वर्षं गाताना ती नानाजींना अशीच सांभाळत आली होती. हात कुठे सुटतो, किती सुटतो, कुठे परत येतो, सगळं तिच्या तळव्यात होतं. जागृतीच्या कानाशी वाकून ती कुजबुजली.

“नानाजीले बांधू नोको. त्यायच्या संगं पळ.”

जागृतीनं गाण्याला हात लावला नाही. बीटची लांब पट्टी ती आईच्या थापेबरोबर सरकवत गेली. ढोलकी पळाली तशी बीट पळाली, आणि कडवं संपताना दोघी एकाच ठोक्यावर येऊन थांबल्या. त्या ‘सूं’सकट, दबलेल्या डाव्या बाजूसकट. टायरवाला टाळ्या वाजवत होता.

इथे मी जिंकलो म्हणून गोष्ट संपवली असती, पण जागृती माझ्यापेक्षा खरी निघाली. तिनं नव्याकडे पाहिलं, त्याचं सिंक बंद केलं आणि तेच सगळं त्याच्यावर हातानं करून दाखवलं. आईच्या थापेवर, तसंच. ती म्हणाली, मायचा आवाज याच्यातच चांगला येतो, लग्नात हाच लावू. माझ्या अंगावरचे दिवे चालू होते ते चालूच राहिले. त्यांना काय कळतंय?

अंकुशनं मला उचलायला खोकं पुढे केलं. बघ म्हणाला, हात तर तुझाच आहे, मग हे जुनं ठेवून करायचं काय? त्याचं बोलणं बिनचूक होतं. जागृती शब्दाला बांधलेली, तिला तोंड उघडता येईना. तेव्हा सीताबाई उठली, माझी वायर काढली, मला उचललं आणि मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. तिला वाद घालता येत नाही, तिनं घातलाही नाही. अंकुश काकू काकू करत राहिला, धम्मदीपनं समजावून पाहिलं. ऊन दारातून आत आलं, जेवायची वेळ टळली, नानाजींनी दुसरं पान लावलं, तरी बाई उठेना. शेवटी अंकुश रिकामं खोकं घेऊन गेला.

लग्नाला मीही होतो. टेबल बुटकं पडलं म्हणून मला पेटीत घालून त्या पेटीवर नव्याला ठेवलं. पाहणाऱ्याला वाटलं असेल, जुना नव्याच्या पायाखाली आला. मी म्हणतो, तो माझ्या खांद्यावर बसला होता. त्रिशरण, पंचशील होण्याआधी भर सकाळी मोनाली पांढऱ्या साडीत नाचत मांडवात आली. टेबलामागे जागृती होती, बाजूला मांडीवर थाप देणारी सीताबाई. तिसऱ्या कडव्यात नानाजी पळाले, बाया उठल्या, आणि जागृती त्यांच्यासोबत पळाली. माझ्या पाठीवरून एकेक ठोका गेला, एकही चुकला नाही. कडवं संपलं तेव्हा मोनाली खुर्चीवर बसली. धम्मदीप बहिणीजवळ आला आणि मांडवाकडे बघतच बोलला.

“पुढचं गिरडचं लगन तूच घेजो.”

आता मी विहाराच्या बाजूच्या खोलीत असतो. रविवारी दुपारी जागृती वस्तीतल्या सहा मुलींना माझ्यावर शिकवते. सहाही जणी सध्या जे करतात त्याला मी संगीत म्हणणार नाही. त्या गेल्या की सीताबाई येते. एका चाकावर आपलं गाणं लावते, दुसऱ्यावर बीट, आणि बोट माझ्या लांब पट्टीवर ठेवते. ओठ हलतात, आवाज येत नाही. तिसऱ्या कडव्यात नानाजी पळतात आणि ती बोटानं त्यांच्याबरोबर जाते.

परवा अंकुश आला होता. मनात काही ठेवणारा माणूस नाही तो. माझ्यासाठी सिंकचं नवीन बटन शोधून आणलं होतं त्यानं, बसवून देतो म्हणाला. सीताबाईनं माझ्यावर आडवा हात धरला.

माझंही तेच म्हणणं आहे. धूळ पुसा, वायर बदला, डाव्या बाजूचं काही होत असेल तर बघा. ते बटन मात्र मेलेलंच राहू द्या.