सतराव्या प्रश्नाचे उत्तर

मी चार पानांची, बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. मला क्षुल्लक समजू नका. देशाचा कारभार जगात कितवा, हे ज्या आकड्यावरून ठरते, त्याचा एक कण माझ्या पोटात आहे.

माझ्या बहिणी शंभरावर देशांत घरोघर हिंडतात. भाषा निरनिराळ्या, प्रश्न मात्र तेच. तुलना न्याय्य व्हावी म्हणून वाचणाऱ्याने त्यांतला एक शब्दही बदलायचा नसतो.

मला घेऊन पाहणीवाली एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेली. बाई घरी एकट्याच होत्या. सतरावा प्रश्न आला : 'ओळखीशिवाय सरकारी कार्यालयातील काम किती सहज होते? एक ते पाच गुण द्या.'

बाईंनी यंत्राचे चाक हाताने थांबवले. यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांनी सहा खेपा घातल्या होत्या. शेवटी त्याच कार्यालयात कारकून असलेल्या दिरांनी शब्द टाकला आणि दुपारपर्यंत दाखला हाती आला.

"एक लिही," त्या म्हणाल्या. एकाभोवती गोल पडला.

आमच्यात एक जाचक रीत आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, दहांतल्या एका घरी तपासनीस पुन्हा जातात आणि तेच विचारतात. उत्तर फिरले, तर पाहणीवालीने घरबसल्या मनचे लिहिले, असे धरले जाते. मग तिचा चाळीस घरांचा गठ्ठा बाद होतो, आणि तिची नोकरीही जाते.

चिठ्ठी माझ्याच क्रमांकाची निघाली.

तपासनीस पोहोचले, तेव्हा दीर खुर्चीत ऐसपैस बसलेले होते. नियमानुसार पाहणीवालीला बाहेर जिन्यातच थांबावे लागले.

"विचारा, विचारा," दीर म्हणाले. "सरकारी कामाचा आमच्या वहिनींना दांडगा अनुभव आहे!"

तपासनिसांनी सतरावा प्रश्न वाचला.

"पाच लिहा. आमच्याकडं सगळं नियमानं चालतं. काय वहिनी?"

"उत्तर बाईंनीच द्यायचंय," तपासनीस म्हणाले.

बाईंनी सुई कापडात खोचून ठेवली. माझ्या पानावर तपासनिसांच्या अंगठ्याचा घाम उमटला.

दिरांचा आवाज मऊ झाला. "घर नावावर करण्याचा तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे, वहिनी. आठवण करून दिली, एवढंच."

बाईंनी दाराकडे पाहिले. "ती मुलगी बाहेर का उभी आहे?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे बरं काही नसणार." त्यांनी मांडीवरच्या कापडाची घडी केली, पुन्हा उलगडली. मग ताठ बसून त्या म्हणाल्या, "एक."

"वहिनी! दाखला कुणी आणून दिला? खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

"तुम्हीच आणलात, भाऊजी. उपकार विसरले नाही मी. पण रांगेत माझ्यामागं एक म्हातारी उभी होती. तिला दीर नव्हता."

दीर उठले. चपला पायांत सरकवून ते पाहणीवालीच्या शेजारूनच जिना उतरले. त्यानंतर ते त्या घरी आले नाहीत, असे पाहणीवालीच्या तोंडून मी ऐकले. तिची नोकरी टिकली.

माझ्यातला 'एक' हजारो आकड्यांत मिसळला. देश दोन पायऱ्या खाली घसरला. मोजपट्टीच वाकडी आहे, असे सत्ताधारी म्हणाले. ती सरळ असल्याचा साक्षात्कार विरोधकांना त्याच दिवशी झाला. रांगेतल्या म्हातारीची चौकशी मात्र कोणी केली नाही.

आज मी गोदामातल्या एका खोक्यात पडून आहे. जपून ठेवण्याची मुदत संपली; उद्या माझे बारीक तुकडे होतील. त्याचे दुःख नाही. बाईंचा अर्ज पुढे सरकला का, एवढेच मला कळायला हवे होते. पण ते विचारण्यासाठी माझ्यात रकाना नाही.

वाचकहो, तो रकाना तुम्ही व्हा. देशाचा क्रमांक वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा हळहळून किंवा हसून पान उलटू नका. जवळच्या कार्यालयात जा, आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "तुमची ही कितवी खेप?"