काटे गेलेला विषाणू

"मॅडम, ह्येचं काटं कुठं गेलं?"

बाळासोंनी दोन्ही फोटो खिडकीकडं धरले. एकातल्या फ्लूच्या विषाणूला अंगभर बारीक काटे होते. दुसऱ्यातला वाटाण्यासारखा गुळगुळीत.

"अननसात प्रथिनं पचवणारं एन्झाइम असतं, मामा. त्यानं बाहेरचे काटे कापून काढले, आतला गोळा तसाच राहिला," संशोधन करणारी इरम म्हणाली. "काटे नसले की त्याला आपल्या पेशीला चिकटता येत नाही."

"म्हंजी मेला?"

"मेला असं नाही. पण कुणाला लागायचा नाही."

कोल्हापुरातल्या या प्रयोगशाळेत बाळासो एकतीस वर्षं अंडी सांभाळत होते. विषाणू अंड्यात वाढवतात. अंडं दिव्यावर धरलं की आतलं पिल्लू जिवंत आहे का, हे ते एका नजरेत सांगत. आणि घरात बायको आक्काताई चार दिवस तापानं फणफणली, तर हे काढा पाजत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती फ्लूनं गेली, त्याला दोन महिने झाले. यानंच अंड्यातलं घरी आणलं, असं गल्ली म्हणाली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण लेक प्रियदर्शनीही तेच म्हणाली आणि जयसिंगपूरला सासरी निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही.

"एक इचारू? आमच्या हिला हितलाच लागला का?"

इरमनं खुर्ची जवळ ओढली. "नाही मामा. मामींचा रिपोर्ट मी बघितलाय. त्यांचा विषाणू वेगळ्या जातीचा होता. तो आपल्या लॅबमध्ये कधी आलाच नाही."

"ह्ये पोरीला सांगशिला?"

इरमनं त्यांच्याच फोनवरून प्रियदर्शनीला सगळं नीट समजावलं. बाळासो शेजारी उभे होते. हे ऐकून आपल्याला रडू फुटेल असं त्यांना वाटलं होतं, पण काहीच झालं नाही. दोष होता तोवर निदान धरायला काहीतरी होतं. आता तेही गेलं.

इरमनं फोन त्यांच्या हातात दिला आणि ती बाहेर गेली.

"आप्पा," लेक म्हणाली, "मग आईला लागला कुठनं?"

"ठावं न्हाय, बाळ."

"जेवलासा?" लेकीनं विचारलं.

दुपारचे तीन वाजत आले होते. सकाळपासून पोटात नुसता चहा होता.

"जेवलो की," बाळासो म्हणाले.