चार बोटं माया

कपडे शिवतो तोही मास्तर आणि पोरांना शिकवतो तोही मास्तर, हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला कोपरापासून नमस्कार. बसथांब्यासमोरच्या गाळ्यात पायमशीन घेऊन बसणाऱ्या या मास्तरनं स्वतः शाळा अर्धवट सोडलेली, आणि वस्तीतल्या दोन्ही शाळांची पोरं अंगावर वागवत होती ती त्याचीच शिलाई. चढावर फाटकवाली खासगी शाळा. तिचा मरून रंगाचा, चुण्याचुण्यांचा, पांढरी किनार लावलेला फ्रॉक. उताराला सरकारी शाळा. तिचा साधा निळा. अख्खी वस्ती त्याला मास्तर म्हणायची, बायको ‘अहो’ म्हणायची, आणि ‘दादा’ म्हणणारं माणूस जगात एकच होतं, त्याची धाकटी बहीण.

बहीण दवाखान्यात बसायची, पेशंटचे नंबर पुकारायला. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरात पुरुषमाणूस असून नसल्यासारखं. मागच्या गल्लीतच राहायची. तिची एकुलती एक पोर आणि मास्तरची एकुलती एक पोर दोघी एकाच वयाच्या, यंदा पहिलीत जायच्या. भाचीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरली तर शपथ. मास्तरची पोर म्हणजे गोगलगाय. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी शिंगं आत. तिला लाडानं गोगी म्हणायचे.

एका दुपारी बहीण गाळ्यात येऊन स्टुलावर बसली आणि नुसतीच टेपशी चाळा करत राहिली. मास्तरनं ओळखलं, हिला काहीतरी मागायचंय. लहानपणापासून मागायचं म्हटलं की हिची जीभ जड व्हायची.

“बोल की. दवाखान्यात तर माइक न घेता दोन मजले ऐकू जातेस.”

“दादा, तुझं वरच्या शाळेत येणं-जाणं आहे. भिंगरीसाठी शब्द टाकशील? मला तिथली फी झेपणार नाही, पण सवलतीत एखादी जागा असली तर. तिचं डोकं चालतं रे. मला उगाच वाटतंय असं नाही ना?”

उगाच नव्हतंच ते. भिंगरी गाळ्यावरची पाटी कधीच वाचायला लागली होती, आणि वर ‘मामा, यातला एक काना पडलाय’ असंही सांगून मोकळी झाली होती.

“टाकतो शब्द. तू नको काळजी करू,” मास्तर म्हणाला. तेव्हा तो मनापासून म्हणाला होता, हे लक्षात ठेवा. माणूस घरातून निघताना खोटा नसतो, वाटेत कुठंतरी होतो.

फाटकवाल्या शाळेची मोठी बाई मास्तरला ओळखत होती. त्यानं शिवलेल्या चुण्या तिला फार आवडायच्या. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाली, “मास्तर, इतकी वर्षं आमचं काम करताय. तुमच्या घरातलं एक मूल आम्ही घेऊ. एकच हं. नाव सांगा.”

त्यानं तोंड उघडलं ते भाचीचं नाव सांगायला. देवाशप्पथ. पण खिडकीतून खालचं मैदान दिसत होतं. चार-चार पोरांच्या रांगेत एकेक बाई उभी, पोरं हळू बोलत होती, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. आणि त्याला वाटलं, इथं माझी गोगी रडणार नाही. खालच्या शाळेत एका वर्गात इतकी पोरं, तिथं हिला कोण विचारणार? भिंगरीचं काय, ती उकिरड्यावर टाकली तरी उगवेल. हे सगळं डोक्यात फिरायला एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. तोंडातून बाहेर आलं ते गोगीचं नाव.

आपला तो बाब्या म्हणतात ना, तेच. खाली उतरताना त्यानं स्वतःला समजावलं की जागा एकच होती, कुणाला तरी मिळणारच होती. खोटं काय त्यात? पण चढ उतरून गाळ्यापर्यंत येईतो त्याला भयंकर तहान लागली आणि पाणी पिऊनही ती गेली नाही.

संध्याकाळी बहीण आली तेव्हा खोटंही तयार होतं. माप न घेताच शिवलेलं, तरी अगदी मापात बसलेलं.

“त्यांचा नियम आहे म्हणे. काम करणाऱ्याचं स्वतःचंच मूल घेतात. भाची-पुतणी चालत नाही. मी म्हटलं, बघा काहीतरी, तर बाई ऐकेनात. मग तेवढ्यासाठी आपल्या गोगीचं नाव घातलं. जागा फुकट कशाला घालवायची?”

बहिणीनं खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, “बरं झालं की. एकीचं तरी झालं.” आणि खरंच हसली. मास्तरला ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

“आणि ऐक,” तो उगाचच पुढे बोलत सुटला, “खालची शाळा काही वाईट नाही. उलट तिथं पोरं तयार होतात. नव्या बाई आल्यात, फार चांगल्या आहेत म्हणतात.” कोण म्हणतं? कुणीच नाही. मास्तरनं त्या बाईंचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

बायकोला मात्र त्यानं खरं सांगितलं. पोटात ठेवून ठेवून माणूस किती ठेवणार? ती भाजी चिरायची थांबली.

“वन्संनी काही विचारलं नाही?”

“नाही.”

“मग सुंठीवाचून खोकला गेला.” असं म्हणाली खरी, पण चिरताना सुरी जरा जास्तच जोरात आपटायला लागली. थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली, “माझ्या पोरीचं भलं झालं तर मला आनंदच व्हायला हवा ना हो? मग होत का नाहीये?”

 त्याला स्वतःला तर बहिणीच्या घराकडच्या गल्लीतून जायची चोरी झाली होती. बसथांब्यावर ती दिसली की तो मशीनमध्ये दोरा ओवायला लागायचा, दोरा ओवलेला असला तरी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? भिंगरी मात्र रोज यायची, चिंध्या गोळा करायची, आणि विचारायची, “मामा, गोगीच्या शाळेला आणि माझ्या शाळेला मधली सुट्टी एकदमच होते का?” तो म्हणायचा, असेल. काय सांगणार, कपाळ?

शाळा उघडायच्या आधी बहीण निळं कापड घेऊन आली. सोबत भिंगरी होतीच. “दादा, हिचं माप घे.”

आता भिंगरीचं माप घेणं म्हणजे चालत्या पंख्याचं माप घेणं. पण त्या दिवशी ती शहाण्यासारखी उभी राहिली, हात आडवे पसरून, हनुवटी वर करून, थेट मामाच्या डोळ्यांत बघत. मास्तरनं टेप लावली आणि नजर वळवली ती समोरच्या बसथांब्यावर. खांदा, छाती, उंची, सगळी मापं त्यानं बसची वाट बघणाऱ्या लोकांकडे बघत घेतली. बहीण शेजारीच उभी होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शिवणाऱ्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की उसवायचं, माया सोडायची, कपडा आणखी चालतो. मास्तरचे वडील, अण्णा, तेही शिंपी, आणि मायेच्या बाबतीत महाकडक. त्यांच्या हाताखाली मास्तर मशीन शिकला आणि बहीण काज-बटणं. दोन बोटं माया, त्याहून जास्त नाही, हा घरातला कायदा. मास्तरनं आयुष्यभर तो पाळला होता.

गोगीचा मरून फ्रॉक त्यानं आधीच शिवला होता, अगदी बेतशीर, अंगाला चिकटून. घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “भिंगरीला पण असाच शिवा ना, बाबा.” त्यानंतर तो निळ्या कापडाला बसला. कसा बेतला, कसा शिवला, त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की खालची दुमड घालताना हात थांबेना. असू दे आणखी थोडी, पोर वाढेल, चालेल दोन वर्षं, असू दे.

बहीण दुपारी फ्रॉक न्यायला आली. भिंगरीला लगेच घालून बघायचा होता. पडद्यामागे जाऊन आली, गोल फिरली, आणि रस्त्यावरच्या गोगीला दाखवायला बाहेर निघाली. फ्रॉक छान बसला होता, फक्त खालचा घेर जड पडत होता.

“थांब गं!” बहिणीनं तिला दारातच धरली, खाली बसून घेर उलटा केला आणि दुमडीवर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. मग बाजूच्या शिवणी चाचपल्या. तिथंही तेच. भिंगरी सुटून पळाली, तरी बहीण तशीच खाली बसून राहिली.

“दादा, चार बोटं?”

“पोर वाढतं की गं,” मास्तर म्हणाला.

“अण्णा काय म्हणायचे?”

 तिनंच म्हटलं, “ज्याचं माप पक्कं, त्याची माया दोन बोटं. चार सोडतो तो माप घेताना दुसरीकडे बघत होता.” ती उठली. “मी बघितलं होतं तुला त्या दिवशी. मला वाटलं, गिऱ्हाइकाची वाट बघतोयस. काय झालं होतं, दादा? माझ्या पोरीकडे बघवत का नव्हतं तुला?”

खाई त्याला खवखवे. मास्तरनं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं, नियमबियम काही नव्हता, घरातलं एक मूल म्हणाली होती बाई, नाव सांगायची वेळ आली आणि माझी जीभ फिरली. सांगताना त्याला रडू आलं, आणि लाजही वाटली, कारण रडायचा हक्क त्याचा नव्हता.

“मी आत्ता जातो,” तो टेप गळ्यातून काढत म्हणाला. “अजून नाव बदलता येईल. बाई माझं ऐकते.”

“बस खाली.”

“अगं पण…”

“बस म्हणते ना! गोगीचं तो मरून फ्रॉक घालून गल्लीभर मिरवून झालंय. आता तिच्या अंगावरून काढून माझीला घालू? म्हणजे जन्मभर माझी पोर तिच्यापुढे मान खाली घालणार. एका घरात एकानं घातली तेवढी पुरे.” तिचा आवाज चढला नव्हता. नंबर पुकारताना असतो तसाच होता. “मी त्या शाळेत जाऊन आले परवा. बाई खरंच चांगल्या आहेत. भिंगरीला त्यांनी फळ्यापाशी नेलं, ती तिथून हलेना. तू थाप मारलीस आणि ती खरी निघाली. म्हणून ती थाप नव्हती असं होत नाही.”

“चुकलं माझं.”

“तू मला म्हणाला असतास ना, ताई, एकच जागा आहे आणि मला ती गोगीसाठी हवीय, तर मी काय भांडले असते? तुझी पोर बुजरी आहे, मला दिसत नाही?” धाकट्या बहिणीला तो लाडात ताई म्हणायचा, ते तिनं तसंच म्हटलं. “आणि एवढा विचार केलास, तर हा नाही केलास? तुझी गोगी कुणाचा हात धरून रस्ता ओलांडते?”

मास्तरनं बाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेला भिंगरी निळा फ्रॉक धरून गोल फिरत होती आणि गोगी तिची ओढणी धरावी तसा फ्रॉकचा जड घेर मुठीत धरून तिच्या मागून मागून फिरत होती. हा विचार त्याला खरंच सुचला नव्हता. चढावरच्या त्या फाटकातून पोर एकटीच आत जाणार होती.

“माया राहू दे,” बहीण म्हणाली. “कापड आहे, उपयोगी पडेल. पोर वाढली की मी घरी उसवीन. टाके मला येतात.” तिनं पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत जाऊन थांबली. मास्तरला वाटलं, आता मागे वळेल.

“येते, मास्तर.”

भिंगरीनं ते ऐकलं. ती फिरायची थांबली आणि खदखदून हसली.

“आई, मास्तर काय गं? मामा आहे तो आपला!”

बहिणीनं तिचा हात धरला आणि गल्लीकडे चालायला लागली. गोगी थोडं अंतर त्यांच्या मागे गेली, मग रस्ता ओलांडायचा आला तशी कडेलाच उभी राहिली.