गुलवेनचा मेणाचा क्रूस

बस रे इथं. सायडर ओत, मलाही ओत. एक गोष्ट सांगतो तुला, पण हसायची नाही, आधीच सांगून ठेवतो. आणि फुकट पाजत नाहीये, शेवटी मागणं आहे.

आपल्याकडं दर्यात गेलेल्याचं प्रेत हाती लागलं नाही, तर बोटभर मेणाचा क्रूस करतात. घरात पांढऱ्या कापडावर ठेवून त्याच्याजवळ रात्रभर जागायचं, मग चर्चच्या भिंतीतल्या पेटीत, वरच्या फटीतून आत सोडायचा. बिशप गावात आला की सगळे क्रूस एकदम कबरस्तानातल्या एका थडग्यात. तेव्हा कुठं तो माणूस पुरता पुरला जातो.

माझा पुतण्या गुलवेन खेकड्यांच्या होडीवर होता. होडी बुडाली, तो सापडलाच नाही. त्याचा क्रूस त्याच्या आईनं, आझेनोरवहिनीनं, स्वतः वळला. तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता त्यावर.

पुढं बिशप आला, तेव्हा मी कंबर मोडून दवाखान्यात. परत आलो तेव्हा वाटलं, क्रूस गेले असणार. विचारलंसुद्धा नाही कुणाला. मेणबत्त्या मीच बघायचो, तर पेटी रिकामीच आहे म्हणून फटीतून थोटकं टाकायला लागलो. पुढं म्हातारे फादर वारले, कुलूप लागलं आणि सातशे वर्षांचं चर्च पालिकेनं कलावंतांना दिलं. सामान काढताना एका पोरीनं विचारलं, "काका, ह्यात काय?"

"थोटकं आहेत. घेऊन जा."

आता परवा डॉक्टरनं वहिनीला सांगितलं, नाताळ दिसेल असं वाटत नाही. वहिनी मला म्हणाली, "भावोजी, चर्चमधे न्या मला. गुलवेनला घेऊन यायचंय."

"तो तर कबरस्तानात गेला ना?"

"कधी? बिशप आला तो दाराला कुलूप लावायचं ठरवायला. जेवला नि गेला. मी होते तिथं. क्रूस पेटीतच आहे. तो माझ्या शवपेटीत घालायचा. पुढच्या बिशपची वाट कोण बघतंय?"

म्हणजे थोटकांबरोबर क्रूसही मीच देऊन बसलो होतो. पण नेलं.

आत बाकं नाहीत, वेदी नाही. मधोमध कलावंतांनी केलेला मेणाचा एक गोळा, माणसापेक्षा उंच, पिवळट. वहिनीला भिंतीपाशी खुर्चीवर बसवलं आणि राखणीच्या पोरीला हळूच विचारलं, "हे मेण कुठलं?"

"इथलंच, आजोबा!" ती खुशीत म्हणाली. "एका पेटीत मिळालं, एका काकांनी दिलं. मधमाश्यांचं विकतचं मेण घालून सगळं एकत्र वितळवलं. छान वास येतो ना?"

येत होता. मधासारखा.

मी गोळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. गुळगुळीत होता सगळा. ठसा कुठला राहतोय!

वहिनी रिकाम्या कोनाड्यात हात घालून चाचपत होती. "भावोजी, पेटी कुठाय?"

"नेली. फादरांनी जाण्याआधी नेली कबरस्तानात. थडगं बंद केलं. आता उघडत नाहीत म्हणे."

तिनं कोनाड्यातला हात काढला. मग म्हणाली, "खोटं बोललात की कान लाल होतात तुमचे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय."

"थंडी आहे वहिनी."

"असेल. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला कुणी आणा. तोवर मी मरत नाही."

तेव्हापासून जेवण सोडलंय तिनं. नुसती दाराकडं बघत पडलेली असते. खरं सांगावं तर तिचं पोर मीच वितळवायला दिलं. दुसऱ्यांदा बुडवलं म्हण. नाही सांगावं, तर ती अशी ताटकळत जाणार. तो गोळा फोडला तरी आत गुलवेन नाही, किंवा सगळीकडं आहे. त्याचं मी काय करू?

तू कबरस्तानात थडगी साफ करतोस. तुझं ऐकेल ती. उद्या सकाळी ये घरी. तिच्याजवळ बस आणि सांग, की आजी, पेटी मी बघितली थडग्यात ठेवताना. एवढंच. आणि येताना टोपी घाल बाबा, कानांवरून खाली ओढून.