हनुवटीवरची रेघ

मित्रांनो, ज्याच्या काचेवर फोटो पालथे झोपवतात आणि ज्याच्या पोटात एक दिवा हळूहळू सरकत जातो, तो जुना स्कॅनर मी. वय वर्षे एकोणीस. एका फोटो स्टुडिओत, भिंतीला टेकलेल्या टेबलावर मी राहतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात दिव्याची नळी, तीन आरसे, एक भिंग आणि प्रकाश मोजणारी पट्टी बसवली. ही पट्टी प्रत्येक ठिपक्यातला लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा मोजते. मला चेहरे ओळखता येत नाहीत. कुठून किती उजेड परत आला, एवढंच मला कळतं. पण ते मी इमानेइतबारे सांगतो.

माझ्याकडे खराब झालेले फोटो येत. वाळवीने कुरतडलेले, अल्बमला चिकटून बसलेले, पाकिटात चौघडी होऊन तुटायला आलेले. फोटो दुरुस्त करणाऱ्या मुलीला सगळे चष्मिश म्हणतात. मी टिपलेला चेहरा पडद्यावर मोठा करून ती ठिपका ठिपका भरायची. एकेका डोळ्याला दोन-दोन दिवस लागत. माणसं बघून म्हणायची, "अरे, हा तर बोलायलाच लागला!" कौतुक तिचं व्हायचं, पण माझी काच पुसताना ती हळूच म्हणायची, "शाब्बास रे गड्या."

मग दुकानात नवा संगणक आला. त्याला मोबाईलने काढलेला फोटोचा फोटो पुरतो. त्याने म्हणे लाखो चेहरे पाहिले आहेत. जिथे काही दिसत नाही, तिथे बहुतेक चेहऱ्यांवर जे असतं ते तो भरतो, तेही मिनिटभरात. माझ्या झाकणावर फायली आल्या, चिकटपट्टीची रिळं आली, एकदा तर मालकांचा जेवणाचा डबाही आला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी म्हातारे भाऊ-बहीण आले. भाऊ शिंपी, सुई टोचू नये म्हणून घालायचं टोपण अजून बोटालाच. त्यांच्या आईचा एकच काळा-पांढरा फोटो उरला होता आणि त्याची घडी नेमकी हनुवटीवरून गेली होती. आई गेली तेव्हा भाऊ पाच वर्षांचा होता, बहीण सहा महिन्यांची. नव्या संगणकाने चेहरा लगेच उजळून दिला.

"किती छान दिसते रे आई!" बहीण म्हणाली.

भाऊ पडद्याजवळ वाकला. "वण कुठे गेला?"

"कसला वण?"

"हनुवटीवर होता. तिच्या मांडीवर बसून मी त्याच्यावर बोट फिरवायचो."

"दादा, ती घडी आहे. तुला ना, काहीतरीच आठवतं!"

"मला तिचं तेवढंच आठवतं, बाई," तो म्हणाला. मग चष्मिशकडे वळला. "पोरी, मी रफू करायला दिलं होतं. तू तर कापडच बदललंस."

चष्मिश ओशाळली. तिनेही फोटोतली हनुवटीवरची रेघ घडीचाच भाग धरली होती. "काका, कोण बरोबर ते मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण फोटोला विचारून बघू." तिने माझ्यावरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या.

आता नीट ऐका, मित्रांनो. माझा उजेड एका बाजूने तिरपा पडतो. घडीची कड कागदातून वर उठलेली असते, म्हणून तिची सावली पडते. चष्मिशने फोटो एकदा सुलटा टिपला, मग वरची बाजू खाली येईल असा फिरवून पुन्हा टिपला. दोन्ही चित्रं पडद्यावर एकाच दिशेने लावली. घडीची सावली खालून वर गेली होती. पण तिच्याजवळची एक बारीक, वाकडी रेघ जागची हलली नाही.

"डाग असेल," बहीण म्हणाली.

चष्मिशने तिन्ही रंग वेगळे करून पाहिले. डाग पिवळट असतो, त्यामुळे तो निळ्यात गडद आणि लाल रंगात फिका दिसतो. ही रेघ तिन्हींत सारखीच करडी होती, नाकाच्या आणि ओठांच्या छायांसारखी. ती कागदावर नंतर आलेली नव्हती. ती चेहऱ्यावरच होती.

शिंप्याने पडद्यावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. काचेवर ठसा उमटला. चष्मिशने तो पुसला नाही.

थोड्या वेळाने बहिणीने विचारलं, "कसा पडला होता रे तिला?"

"लहानपणी झाडावरून पडली होती. मी रोज विचारायचो, ती रोज सांगायची. पडली, पण हातातलं फळ सोडलं नाही म्हणे."

"आई झाडावर चढायची?" बहीण हसता हसता खुर्चीत बसली. "मला कधी सांगितलं नाहीस ते!"

"तू ऐकून घेतलंस कधी?"

"बरं बाबा, चुकलं. आता सांग."

चष्मिशने घडीची खूण पुसली, वण ठेवला. हल्ली माझ्या झाकणावर कोणी काही ठेवत नाही. संगणक आणि मी, दोघेही कामाला असतो.

मित्रांनो, जुने फोटो दुमडू नका, सपाट ठेवा. आणि खराब झालेला चेहरा दुरुस्त करायला देण्याआधी तो प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी घरात असेल, तर त्यांच्याजवळ बसा. वण कुठे होता ते मी दाखवीन. फळ सोडलं नव्हतं, हे मात्र तेच सांगतील.